चाळीसाव्या पलटणीचा चेहरा

तुयुतीची लढाई आम्ही दर वर्षी चोवीस मेला जिंकतो.

लढाई दीडशे वर्षांपूर्वीची. पुस्तकांत ती आम्ही हरलेलो आहोत, आणि हरलो तेही असे की देश त्यातून पुन्हा नीट उभा राहिलाच नाही. पण पुस्तकं काय, कोणीही छापतं. मीही छापते. इथे पाराग्वारीच्या सांस्कृतिक भवनात, हिरवं कापड अंथरलेल्या लांब टेबलावर, आमचे लाल डगल्यांचे कागदी शिपाई दर वर्षी दलदल ओलांडतात, ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांची दाणादाण उडवतात, आणि मग सगळे टाळ्या वाजवून गरम चिपा, म्हणजे चीजचे पाव, खायला ओसरीवर येतात. फासे खरे असतात बरं का. लबाडी असलीच तर ती फाशांत नसते, फेकणाऱ्याच्या हातात असते. शत्रू कोणी व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. ज्याची चिठ्ठी निघेल तो तोंड वाकडं करून ब्राझीलची फौज घेतो आणि शेजाऱ्याची गाय चारावी तशी चालवतो: गेली तर गेली, आपल्या काय बापाचं.

माझं दुकान भवनासमोरच आहे. झेरॉक्स, छपाई, वह्या, नकाशे. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी माझ्या मशीनच्या काचेवर पालथा पडतो. आधी जन्माचा दाखला, मग लग्नाचा, कधी फारकतीचा, शेवटी शेवटचा. त्यामुळे कोणाचं कोणाकडे काय निघतं हे मला विचारावं लागत नाही. पैशांचं नाही म्हणत मी. मानाचं, उपकाराचं, वेळेवर गप्प बसल्याचं. तीही देणीच, आणि लोक तीच जास्त थकवतात.

ही लढाई भरवणारं मंडळ आहे, 'चोवीस मे मंडळ'. अध्यक्ष डॉक्टर रेकाल्दे, दातांचे. टेबलावरची दलदल त्यांनीच दिलेली: जुने एक्स-रे काळसर रंगवून अंथरले की पाणी चमकल्यासारखं दिसतं. वाकून बघितलं तर पाण्याखाली कोणाची तरी दाढ दिसते. शिशाचे शिपाई बाहेरून मागवायचे तर ते जकातीत अडकतात, आणि सुटून आले तरी पोराच्या शाळेचं बघायचं की घोडदळाचं असा प्रश्न पडतो. म्हणून आमची फौज कागदाची. एलाडिओ सर काढतात, मी छापते, बाकीचे चिकटवतात.

छापताना एकच पथ्य पाळायचं. मशीन विचारतं, 'पानात बसवू का?' त्याला नाही म्हणायचं. हो म्हटलं की ते गुपचूप फौज आखडून घेतं. भोजनालयवाल्यानं एकदा घरच्या मशीनवर उरुग्वेची पलटण छापली, ती अशीच खुजी आली. डॉक्टर म्हणाले, "असू दे, देशही लहानच आहे." अजून तीच चालते.

एलाडिओ सर शाळेत चित्रकला शिकवायचे. हात चांगला, पण एक खोट आहे. मनानं चेहरा काढता येत नाही. घोडा येतो, तोफ येते, तोफेचा धूरसुद्धा येतो. चेहरा काढला की बटाटा होतो. सुरुवातीच्या पलटणी सगळ्या बटाट्यांच्याच होत्या. मग त्यांनी माणूस समोर बसवून काढायला सुरुवात केली. आता कागदी पलटणीत एकदा शिपाई काढला की त्याच्याच नकला पानभर, म्हणजे एका पलटणीला चेहरा एकच. त्यातून रीतच पडली. घोडदळ डॉक्टरांचं, त्यात डॉक्टरांचं नाक घोड्याच्याही पुढे. तोफखाना निवृत्त सुभेदार काबान्यासचा. माझासुद्धा चेहरा आहे: रसदीच्या बैलगाडीवर चिरूट ओढत बसलेली बाई. चिरूट मी आयुष्यात ओढला नाही, पण चेहरा आहे.

बासिलिओ मास्तरांचा नव्हता.

बासिलिओ ओव्हेलार म्हणजे आमचे शिंपी. निम्म्या गावाचे शाळेचे गणवेश आणि छावणीतल्या बऱ्याच शिपायांचे डगले त्यांच्या हातचे. डोळे थकले म्हणून मशीन बंद केलं, पण कात्री सुटली नाही. कागदी शिपायाचं पोट आणि पाठ डोक्याशी जोडून छापलेलं असतं. मधल्या रेषेवर दुमडायचं, आतून डिंक लावायचा, वाळलं की दोन्ही थर एकदम कापायचे, पांढरी कड काळ्या पेननं पुसून टाकायची. डोकं, खांदा, बूट हे कोणीही कापेल. संगीन मात्र गवताच्या पात्याएवढी. बाकीच्यांनी कापलेल्या फौजा निम्म्या निःशस्त्र होत्या. मास्तर आले आणि फौजेच्या हातात संगिनी आल्या. तेव्हापासून सगळ्यांचे चेहरे तेच कापत होते. डॉक्टरांचं नाक त्यांनी एवढ्या वेळा कापलं, आणि तेही इतकं सांभाळून, की खुद्द डॉक्टरांच्या बायकोनं ते तेवढं सांभाळलं नसेल.

त्यांना एकच हवं होतं. चाळीसावी पलटण. राजधानीच्या पोरांची ती पलटण. लढाईत कापली गेली की नवी भरायची, पुन्हा कापली गेली की पुन्हा भरायची, पण नाव तेच. मास्तरांच्या घरी ऐकीव गोष्ट होती की त्यांच्या आजीचा बाप त्या पलटणीत गेला आणि परत आला नाही. फोटो नाही, कागद नाही, काही नाही. मंडळाची चाळीसावी म्हणजे पहिल्या दिवसांतली, बटाट्यांची. ती नव्यानं काढायची झाली की चेहरा आपला असावा, एवढंच. एकदा शिपायांचं पान छापून होईपर्यंत दुकानात बसले होते तेव्हा म्हणाले, "न्या बेनिग्ना, पणजोबा कसे दिसायचे ते कोणालाच ठाऊक नाही. माझ्यासारखे दिसायचे म्हटलं तर कोण नाही म्हणणार आहे?"

आमच्याकडे बाईला मानानं न्या म्हणतात. मास्तर सगळ्यांना मानानंच बोलायचे. माझ्या मते तीच त्यांची चूक. जो सगळ्यांना मान देतो त्याला आपलंही कोणाकडे काही निघतं हे लोक विसरतात.

मागच्या वर्षीच्या लढाईआधी राजधानीहून, असुन्सिओनहून, एक मंडळ पाहुणं आलं. त्यांतल्या एका चष्मेवाल्यानं टेबलाभोवती फेरी मारली, दलदलीतल्या दाढा बघून हसला आणि म्हणाला, "सगळं झकास. पण लेजिओन कुठाय?"

सुभेदारानं एक तोफ उगाच इकडची तिकडे केली.

लेजिओन म्हणजे त्या युद्धात परक्यांच्या फौजेतून आपल्याच देशावर चालून आलेले आपलेच लोक. कोणी हद्दपार झालेले, कोणाचे बाप मारलेले. कारणं त्यांची त्यांना ठाऊक. इथे माणसाला चोर म्हणा, उद्या तो तुमच्याच पेल्यातून तेरेरे पिईल, एकाच पाल्यावर पुन्हा पुन्हा थंड पाणी ओतून पितात तो आमचा चहा. लेजिओनारिओ म्हणा, त्याची नातवंडं तुमच्या नातवंडांशी बोलायची नाहीत.

"तुयुतीला होती की ती," चष्मेवाला म्हणाला. "तिच्याशिवाय हे प्रदर्शन नाही, बारशाचा केक आहे."

डॉक्टरांना हे लागलं. पुढच्याच शनिवारी, दुपारची झोप झाल्यावर, मंडळ माझ्या दुकानाच्या मागच्या पडवीत बसलं. मधे थंड पाण्याचा थर्मास, तेरेरेचा शिंगाचा पेला फिरत होता. ओतत होता नेरी, डॉक्टरांचा मेहुणा. हा नुकताच मंडळात आलेला, शेतीची यंत्रं विकतो. येताना भवनाला मोठे पंखे आणि लाउडस्पीकर देऊन आला, म्हणजे नवा असून नवा राहिला नाही.

"लेजिओन काढायची," डॉक्टर म्हणाले. "इतिहास म्हणजे इतिहास. एलाडिओ सर, चेहरा कोणाचा?"

सरांनी पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. "कोण बसतंय त्याच्यावर."

"माझा तोफखाना आहे," सुभेदार घाईनं म्हणाला. "एका माणसाला एकच. तुम्हीच नियम केलाय."

"नेरीला नाहीये अजून," मी म्हटलं. मला काय, मी गाडीवरची बाई.

"मी?" नेरीच्या हातून पाणी सांडलं. "ताई, मी गावोगाव फिरतो धंद्यासाठी. उद्या कोणी म्हटलं, अरे हा तोच..."

"बटाटा काढा मग," सुभेदार म्हणाला. "गद्दाराला कशाला तोंड?"

"असुन्सिओनवाले काय म्हणतील?" डॉक्टर म्हणाले. मग ते खुर्चीत वळले. मला ते वळणं ठाऊक आहे. दाढ काढायच्या आधी ते तसेच वळतात आणि म्हणतात, काही होणार नाही. "मास्तर, तुमचा अजून चेहरा राहिलाच की!"

मास्तर डिंकाची बाटली बंद करत होते. "राहिलाय, डॉक्टर. चाळीसाव्या पलटणीचं म्हणालो होतो मी."

"कोण नाही म्हणतंय? चाळीसावी तुमचीच. पण क्रमानं आता लेजिओनची पाळी आणि तुमचीही पाळी. एवढं वर्ष काढा. पुढच्या मेमध्ये सर चाळीसावी नव्यानं काढतील, तुमच्या चेहऱ्याची. दोन चेहरे! मंडळात कोणाला आहेत दोन चेहरे?"

"दोन चेहरे तर खूप जणांना आहेत," मी म्हटलं.

मास्तरांनी बाटलीचं बूच घट्ट दाबलं. "कागदच आहे," ते म्हणाले. "बसतो."

सरांनी तिथेच काढायला घेतलं. मास्तर ताठ बसले, बटण गळ्यापर्यंत लावून, गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहतं तसे. आणि खरं सांगते, सरांच्या हातून एवढा चांगला चेहरा आधी उतरला नव्हता, नंतरही नाही. निळा डगला, खांद्यावर बंदूक, आणि त्या डगल्यावर मास्तरांचं ते शांत, थोडं दमलेलं तोंड. रंगीत पान मशीनमधून बाहेर आलं तेव्हा मास्तर काउंटरवर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग बोटानं डगल्याची शिवण दाखवली. "बाही चुकलीय जरा. खांद्यात ओढेल." आणि मग, हळूच, "पण मी बरा दिसतो, नाही का?"

"चांगलेच दिसता," मी म्हटलं.

घरी त्यांची बहीण रमोना. लग्न केलं नाही, भावाचं घर चालवलं, आणि त्याबद्दलचं सगळं व्याज ती जिभेनं वसूल करते. तिनं वाळत घातलेली पलटण बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली, आणि म्हणाली, "एवढे सगळे तू, आणि एकही घरच्या बाजूचा नाही!"

ही गोष्ट बाजारात पोचायला एक सकाळ पुरली. खाटकानं मास्तरांना विचारलं, "हाडं कोणत्या फौजेसाठी बांधू?" मास्तर हसले. चिपावाली म्हणाली, "लेजिओनारिओला उधार नाही हं." तरी ते हसले. थट्टाच होती तोवर. आणि ज्याला पुढच्या मेचं वचन आहे त्याला या मेची थट्टा सोसते.

लढाईच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता, गरम आणि दमट. अशा वाऱ्यात आमच्याकडे माणसं भांडतात आणि कागद वाकतो. मास्तर सकाळपासून भवनात, एकेक संगीन दोन बोटांत धरून सरळ करत होते, आपल्या बाजूच्या आणि पलीकडच्याही. भवन गच्च भरलं. मास्तरांचे सगळे नातेवाईक आले होते; रमोना पुढच्या रांगेत, हातात पंखा, चेहऱ्यावर 'बघू या काय दिवे लावतो'.

डॉक्टरांनी खेळाआधी शत्रुपक्षाला बाजूला घेऊन नेहमीची सूचना दिली. चिठ्ठी त्या वर्षी एलाडिओ सरांची निघाली होती. ब्राझील, अर्जेंटिना, खुजा उरुग्वे सगळं त्यांच्याकडे. लेजिओन मास्तरांकडे, कारण दुसरं कोणी तिला हात लावेना.

"मास्तर, तुम्ही ताडांच्या बनापाशी उभे राहा. माझं घोडदळ येईल. एकदा फासा टाका आणि पळा. लेजिओन पळाली की टाळ्या पडतील. दिवसाची खरी गंमत तीच."

"पळायचं," मास्तर म्हणाले.

"आणि पुढच्या वर्षी चाळीसावी."

"हो, डॉक्टर."

खेळ सुरू झाला. मापाची टेप लावून पलटणी सरकवायच्या, भिडल्या की फासे टाकायचे, मेलेले शिपाई चिपाच्या रिकाम्या टोपलीत. लाउडस्पीकरवर नेरी वर्णन करत होता. लाल डगले दाढांच्या दलदलीतून पुढे आले. उरुग्वे टोपलीत गेला, लोक हसले. ब्राझीलचा डावा भाग सरांनी जांभई देत मागे घेतला. मग डॉक्टरांनी घोडदळ उचललं, सगळी रांग, सगळी नाकं, आणि ताडांच्या बनावर सोडलं.

"आता बघा गद्दारांची पळापळ!" नेरी ओरडला. भवनात शिट्ट्या.

मास्तरांनी लेजिओनकडे बघितलं. मी त्यांच्या शेजारी होते, मेलेल्यांची टोपली धरून. ते शिपाई आमच्याकडे पाठ करून उभे होते. पण मास्तर वाकले आणि पलीकडून, समोरून त्यांचे चेहरे बघितले. मग त्यांनी पलटण दोन बोटं मागे घेतली, बनाच्या आडोशाला, आणि रांग घट्ट केली. ते पळणं नव्हतं. खेळ कळणाऱ्याला ते लगेच कळतं.

त्यांनी फासे टाकले. चांगले पडले. डॉक्टरांनी टाकले. वाईट पडले. घोडदळाची पुढची तुकडी माझ्या टोपलीत आली.

लोकांना वाटलं गंमत चाललीय. डॉक्टर हसत हसत, ओठ न हलवता म्हणाले, "मास्तर, पळा आता."

"माझी खेळी व्हायचीय, डॉक्टर."

दुसऱ्यांदा भिडले. बनात घोडे अडतात, हा मंडळाचाच नियम, डॉक्टरांनीच लिहिलेला. उरलेली नाकं टोपलीत पडली. नेरी बोलायचा थांबला. लाउडस्पीकरमधून नुसता पंख्यांचा आवाज येत होता. एलाडिओ सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि, काय वाटलं त्यांना कोण जाणे, जांभई विसरून अर्जेंटिना मास्तरांच्या शेजारी आणून उभी केली. चांगला खेळ समोर दिसला की माणूस तेवढ्यापुरता देश विसरतो.

मग लेजिओन बनातून बाहेर निघाली. वाटेत एकच पलटण उरली होती, राखीव ठेवलेली. चाळीसावी. बटाट्यांच्या तोंडांची.

मास्तरांनी कपाळ पुसलं. फासे मुठीत होते. डॉक्टर अगदी कानाशी येऊन बोलले, पण मला ऐकू आलं. "थांबा, ओव्हेलार. इथे थांबलात तर सगळं विसरतो मी."

मास्तरांनी फासे टाकले.

चाळीसावी टोपलीत भरताना मीच हलक्या हातानं भरली, तेवढंच मला करता आलं. भवनात कोणी टाळी वाजवली नाही, कोणी ओरडलं नाही. तुयुती आम्ही हरलो होतो, पुस्तकात हरलो तशीच. मग मागच्या रांगेतून कोणीतरी तो शब्द उच्चारला. मोठ्यानं नाही, शिवी देतात तसाही नाही. नाव विचारल्यावर नाव सांगतात तसा. "लेजिओनारिओ."

रमोना उठली, पंखा मिटला, आणि भावाकडे न बघता चालू लागली. चिपा त्या दिवशी तशाच उरल्या.

मास्तर सगळे शिपाई गोळा करून, डब्यात भरून माझ्या दुकानात आले. मी खुर्ची दिली.

"काय केलंत हे?" मी म्हटलं. "एक फासा टाकायचा आणि पळायचं. लहान पोराला जमलं असतं."

"मलाही जमेल वाटलं होतं," ते म्हणाले. "पण चेहरा माझा होता ना, न्या बेनिग्ना. सगळ्यांसमोर पहिल्यांदाच. ते शिपाई पळवता येईनात."

माझ्या चेहऱ्याची बाई नुसती गाडीवर बसलेली असते. तिला पळायचा प्रश्न येत नाही.

पुढच्या शनिवारी मंडळ बसलं तेव्हा मास्तर आले, नेहमीच्या जागी बसले. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. वाकडं बोलायला निदान तोंडाकडे बघावं लागतं. पेला फिरत होता. नेरी ओतत होता. सुभेदाराला, सरांना, डॉक्टरांना, मला, पुन्हा सुभेदाराला. मास्तरांपर्यंत पेला येईपर्यंत पाल्यातला सगळा कस निघून गेला होता, नुसतं थंड पाणी. मास्तर तेही प्यायले.

चाळीसाव्या पलटणीचं बोलणं पावसाळी हवेसारखं काही महिने लांबत गेलं. मग एक दिवस एलाडिओ सर माझ्याकडे फाइल घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाड कागदावर. पूर्ण आकारात." मी छापलं. लाल डगला, अनवाणी पाय, चामड्याची टोपी, आणि टोपीखाली नेरी. गुबगुबीत, गालावर खळी, यंत्र विकताना हसतो तसा हसणारा.

"सर," मी म्हटलं.

"पंखे दिलेत त्यानं," सर म्हणाले. "आणि डॉक्टर म्हणतात, मास्तरांना एक चेहरा मिळालाय. एका माणसाला एकच."

"नियम आहे."

"नियम आहे," सर म्हणाले आणि पानं घेऊन गेले.

नियम, नियम करून माणसं किती स्वस्तात सुटतात. पण इथे एक अडचण होती. पलटण कापायची कोणी? नेरीनं घरी बसून एक पान कापून बघितलं; त्यात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच्याही हातात संगीन राहिली नाही. लूत लागलेल्या कोंबड्यांसारखी दिसत होती चाळीसावी. मग डॉक्टरांनी नवी पानं लिफाफ्यात घातली आणि लिफाफा माझ्याकडे ठेवला. मास्तर येतात तुमच्याकडे, द्या म्हणाले. स्वतः द्यायला गेले नाहीत. दाढ काढणाऱ्याला हिंमत लागते म्हणतात. ती दुसऱ्याचं तोंड उघडं असेपर्यंतच.

मास्तरांनी लिफाफा माझ्यासमोरच उघडला. एक पान काढून उजेडाकडे धरलं. मी मशीनमध्ये कागद भरायचं निमित्त केलं. मनात म्हटलं, आता फाडतील. फाडावं, असंही म्हटलं. निदान दोन संगिनी तरी तोडाव्यात, एखादं नाक. एवढं तर माणसाचं निघतंच जगाकडे.

"डगला बरोबर काढलाय या वेळी," ते म्हणाले. "खांद्यात ओढत नाही." पान लिफाफ्यात ठेवलं आणि गेले.

आठवडाभरानं डबा आला. डॉक्टरांनी माझ्याच काउंटरवर उघडला आणि एकेक शिपाई उचलून बोटाच्या टोकानं संगीन तपासली. सगळ्या होत्या. गवताच्या पात्यांसारख्या, सरळ. कड काळ्या पेननं अशी फिरवली होती की कागद कुठे संपतो ते कळू नये. डॉक्टर शेवटच्या शिपायापर्यंत गेले आणि थोडे हिरमुसलेच. काहीतरी मोडलेलं निघालं असतं तर त्यांचं मन हलकं झालं असतं.

"हाताला तोड नाही," ते म्हणाले.

"कळवते," मी म्हटलं. कळवलं नाही.

लेजिओनचा डबा ठेवून घ्यायला मंडळात कोणी तयार नव्हतं. तो मास्तरांकडे आहे, शिलाई मशीनच्या खाली. रमोना त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. मंडळानं ठराव केला की जागेअभावी यंदा लेजिओन मांडू नये. टेबल तेवढंच आहे. असुन्सिओनवाल्यांना बोलावलं नाही.

परवा चोवीस मे झाला. मी गेले नाही, दुकान उघडं ठेवलं. माझी बैलगाडी माझ्याशिवायही उभी राहते. दुपारी मास्तर आले, विजेच्या बिलाची नक्कल काढायला. सुट्टीच्या दिवशी विजेचं बिल! मी ते काचेवर ठेवलं. तेवढ्यात समोरच्या भवनातून गलका उठला, टाळ्या, शिट्ट्या, आणि लाउडस्पीकरवर कोणीतरी गळा फाटेपर्यंत ओरडत होतं की चाळीसाव्या पलटणीनं शत्रूची छावणी घेतली.

मास्तर दाराशी जाऊन उभे राहिले. उत्तरेचाच वारा होता. त्यांनी हात बाहेर काढून हवा चाचपली, कापड चाचपतात तशी.

"दमट आहे आज," ते म्हणाले. "संगिनी वाकल्या नसतील ना?"

"नाही," मी म्हटलं. "सरळ आहेत."